शितावरून भाताची परीक्षा

आमच्या आत्याबाईंच्या हातांत सोन्याचे गोठ असत. सासूबाईंनी घातलेले आणि चांगले भरीव, असे त्या सांगत, आणि आम्हीही लहानपणापासून ते ऐकत आलो होतो. दोन वर्षांपूर्वी घराचे कौलारू छप्पर उतरवून स्लॅब घालायची वेळ आली, तेव्हा हे गोठ मोडायचे ठरले. सोबतीला मी गेलो होतो. सोनाराने एक गोठ कसोटीच्या दगडावर ओढला, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि मान डोलावली. सोने अस्सल होते. मग तो गोठ तळहातावर खालीवर करून तो म्हणाला, "आत्याबाई, कस चोख आहे. पण पोटात लाख असावी असं वाटतं."

"छे हो! भरीव आहेत. माझ्या सासूबाई खोटं कशाला सांगतील?"

सोनार काही बोलला नाही. त्याने गोठ कापला आणि दिव्याच्या आचेवर धरला. काळी लाख वितळून थेंबाथेंबाने खाली पडू लागली. वजनाला आठ तोळे भरलेल्या त्या जोडीतून सोने निघाले सव्वातीन तोळे. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ती दगडावरची रेघ खोटं बोलली म्हणायची!"

"रेघ खरंच बोलली," सोनार म्हणाला. "तिला जेवढं दिसलं तेवढं तिनं सांगितलं."

त्या सुमारास मी एका कादंबरीसाठी सोन्याच्या खाणींची माहिती जमवीत होतो. कादंबरी काही जमली नाही. पण सोनाराचे ते वाक्य मनात घोळत राहिले, कारण खाणींचा इतिहास वाचताना त्याच एका वाक्याचा विस्तार मला पानोपानी दिसत होता. जमिनीच्या पोटात सोने किती आहे, हे खणण्यापूर्वी कोणी सांगायचे, कशावरून सांगायचे, आणि ते खरे की खोटे हे ठरवायचे कोणी? दिवाळीत सोन्याची पूजा घरोघर होते. ते सोने खडकातून बाहेर येण्यापूर्वी कागदावर कसे जन्म घेते, आणि कधीकधी कागदावरच कसे मरते, याची ही हकिकत आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती बहुधा बरोबरही ठरते. कारण पातेल्यातले पाणी एक, आच एक, तांदूळ एक. एक शीत शिजले तर शेजारचेही शिजलेले असणारच. पण दिवाळीतल्या चिवड्याची परीक्षा अशी करून पाहा. मोठ्या डब्यात मूठभर काजू घालून डबा हलवला आणि त्यातून एक चमचा काढला, तर त्या चमच्यात कधी एकही काजू येणार नाही आणि कधी तीन येतील. पहिल्या चमच्यावरून घरमालकीण कंजूष ठरेल, दुसऱ्यावरून उधळी. दोन्ही चमचे खरे, पण दोन्ही निकाल खोटे. लोखंडाच्या किंवा चुन्याच्या खडकाची जात बरीचशी भाताची असते. सोन्याची, विशेषतः डोळ्यांना दिसेल इतक्या जाड कणांच्या सोन्याची जात चिवड्यातल्या काजूची असते. शिवाय हे काजू डब्यात नीट मिसळलेलेही नसतात. कुठल्या तरी कोपऱ्यात एका शिरेत सगळे दाटीवाटीने बसलेले, आणि बाकीचा डबा कोरडा.

आकडा घेऊन पाहू. टनाला १६ ग्रॅम सोने देणारा खडक आजच्या काळात फार श्रीमंत समजला जातो. एक टन दगड म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा ठोकळा. त्या सबंध ठोकळ्यातले १६ ग्रॅम सोने एकत्र केले, तर ते चार-पाच हरभऱ्यांहून मोठे भरणार नाही. ते धुळीसारखे सगळीकडे पसरलेले असेल तर दगडाच्या कोणत्याही कपच्यात त्याचा योग्य तो वाटा सापडेल. पण ते दोन-तीन ठिपक्यांतच साठलेले असेल, तर ठोकळ्याच्या बहुतेक कपच्यांत काहीच सापडणार नाही, आणि एका कपचीत मात्र कुबेराचे भांडार हाती लागेल.

खाणवाल्यांची नेहमीची रीत अशी. हिरकणी बसवलेल्या पोकळ गिरमिटाने खडकात शेकडो मीटर खोल विंधतात आणि मनगटाएवढ्या जाडीची दगडी कांडी बाहेर काढतात. ती कांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवतात आणि अर्धी प्रयोगशाळेला पाठवतात. तिथे तिचे पीठ करून त्यातले तीस-पन्नास ग्रॅम पीठ शिशाच्या भस्माबरोबर मुशीत वितळवतात. शिसे सोन्याला गोळा करते, मग शिसे जाळून टाकतात आणि टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा सोन्याचा मणी मागे उरतो. तो तोलायचा. आपल्या सोनारांच्या पूर्वजांनाही ही क्रिया परकी वाटली नसती. अशा हजारो मण्यांच्या वजनांवरून, दोन विंधणांच्या मधल्या, कोणीही न पाहिलेल्या खडकात काय असेल याचा अदमास बांधतात. दोन विंधणांमध्ये वीस-तीस मीटर अंतर असले तरी ती दाट समजली जातात. म्हणजे शीत आहे, पण पातेल्याचा काठ दिसत नाही.

या अदमासात एक खोड आहे, आणि ती प्रथम आकड्यांनी दाखवून दिली दक्षिण आफ्रिकेतील डॅनी क्रीग या इंजिनियराने. विटवॉटर्सरँडच्या प्रसिद्ध सोनखाणींत खडकाचे मोठमोठे ठोकळे पाडून त्यांच्या कडेकडेने नमुने घेत, आणि त्यांवरून प्रत्येक ठोकळ्याची किंमत बांधत. क्रीगने जुन्या नोंदी काढून त्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी ताडून पाहिल्या. जे ठोकळे नमुन्यांवरून फार श्रीमंत ठरले होते ते खणल्यावर सरासरीने कमी श्रीमंत निघाले, आणि जे दरिद्री ठरले होते ते इतके दरिद्री निघाले नाहीत. यात कोणाची लबाडी नव्हती. शाळामास्तरांना हा अनुभव नित्याचा आहे. एका चाचणीत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवणाऱ्या दहा मुलांची पुढची चाचणी घ्या, त्यांची सरासरी खाली येते. त्या अठ्ठ्याण्णवांत हुशारी असते तशी थोडी त्या दिवसाची कृपाही असते. श्रीमंत नमुन्यांतही अशीच थोडी कृपा मिसळलेली असते, आणि ती वजा केल्याशिवाय हिशेब खरा होत नाही. क्रीगने १९५१ साली हे मांडले. पुढे फ्रान्समधील जॉर्ज माथेराँ यांनी त्यावर एक सबंध शास्त्र उभारले आणि त्यातल्या मुख्य रीतीला क्रीगचेच नाव दिले. आज जगातल्या बहुतेक खाणींचे अदमास त्याच घराण्यातल्या गणिताने होतात.

ही झाली प्रामाणिक चूक. तिच्या आडोशाला लबाडी कशी उभी राहते, हे मात्र १९९७ साली जगाने पाहिले.

कॅनडातील कॅलगरीच्या ब्रे-एक्स नावाच्या एका लहानशा कंपनीने १९९३ साली बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडील भागात, पूर्व कालिमंतानच्या जंगलात, बुसांग येथे जागा घेतली. डेव्हिड वॉल्श हा कंपनीचा चालक, जॉन फेल्डरहॉफ हा मुख्य भूशास्त्रज्ञ आणि मायकेल दे गुझमान हा फिलिपिनो भूशास्त्रज्ञ प्रत्यक्ष जागेवरचा कारभारी. विंधणे होत गेली आणि दर खेपेस सोन्याचा आकडा वाढत गेला. १९९७ च्या आरंभी तो ७ कोटी १० लाख औंसांवर पोचला. एक औंस म्हणजे ३१ ग्रॅमांहून किंचित अधिक. तेव्हा हे झाले बावीसशे टन सोने! ज्या कंपनीचे भाग एके काळी काही सेंटांना मिळत, तिची बाजारातील किंमत सहाशे कोटी कॅनडियन डॉलरांवर गेली. शिक्षकांचे आणि कामगारांचे निवृत्तिनिधीसुद्धा त्यात गुंतले होते. हे वाक्य लिहिताना माझा हात किंचित थांबला, हे कबूल करतो.

आता मौज पाहा. बुसांगला कांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवण्याची रीत पाळली जात नव्हती. जवळजवळ सगळी कांडी चुरा करून प्रयोगशाळेकडे जाई. कोणी विचारले तर उत्तर तयार असे: इथले सोने फार विषम पसरलेले आहे, अर्ध्या कांडीवर विसंबता येत नाही, म्हणून आम्ही सगळीच देतो. उत्तर शास्त्रशुद्ध होते. चिवड्याचा न्यायच तो. पण त्यामुळे मागे पडताळ्याला काहीच उरत नव्हते. चुरा पिशव्यांत भरून प्रयोगशाळेला जाईपर्यंत मधल्या मधे त्यात नदीच्या वाळूतले सोने मिसळले जात होते, आणि तेही इतक्या बेताने की आकडे भूशास्त्राला शोभतील. कोणी मूठभर सोने ओतले असते तर पहिल्याच महिन्यात सापडले असते. हा माणूस स्वयंपाकिणीच्या हाताने मीठ घालत होता.

फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीने भागीदारी करण्यापूर्वी स्वतःची विंधणे घेतली, ब्रे-एक्सच्या विंधणांना अगदी खेटून. त्यांत सोने जवळजवळ नव्हते. १९ मार्च १९९७ रोजी दे गुझमान बुसांगला जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधून खाली पडून मरण पावला. टोरांटोच्या स्ट्रॅथकोना या तज्ज्ञ संस्थेला चौकशीसाठी बोलावण्यात आले. तिचे प्रमुख ग्रॅहॅम फार्कहारसन. मे महिन्याच्या आरंभी स्ट्रॅथकोनाने निकाल दिला: बुसांगला खाण चालवण्याजोगे सोने नाही, आणि नमुन्यांत इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतका काळ भेसळ झाल्याचे उदाहरण खाणींच्या इतिहासात दुसरे नाही. वॉल्श पुढच्याच वर्षी वारला. फेल्डरहॉफवर कॅनडात खटला चालला आणि २००७ साली तो निर्दोष सुटला. या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ पासून कडक नियम केले. खनिजाचा अदमास जाहीर करायचा तर त्यामागे नावानिशी एक पात्र तज्ज्ञ उभा असला पाहिजे, असे ठरले.

बुसांगचा सगळा डोलारा विंधणांच्या नमुन्यांवर उभा होता. म्हणून पुष्कळांना वाटले की असल्या सोन्याला एकच खरी कसोटी: चमच्याने चाखण्याऐवजी परातभर काढून घ्यावे. यालाच घाऊक नमुना म्हणू. त्याची कल्पना सोपी, पण खर्च फार. अदमास ज्या खडकाबद्दल केला आहे त्यात प्रत्यक्ष बोगदा घालायचा. किती टन निघतील आणि त्यात किती सोने असेल, हा आकडा आधी लिहून ठेवायचा. मग हजारो टन दगड फोडायचा, प्रत्येक सुरुंगाची रास वेगळी ठेवायची, सगळी गिरणीत दळायची आणि निघालेल्या सोन्याचा पैन् पै हिशेब मांडायचा. जड सोने पाण्याने वेगळे होते त्याचा, पिठात अडकून राहते त्याचा आणि टाकाऊ गाळात वाहून जाते त्याचाही. शेवटी आधी लिहिलेला आकडा आणि हाती आलेला आकडा शेजारी शेजारी ठेवायचे. सोनाराने गोठ मोडला तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे सगळा गोठ मोडता येत नाही, त्याचा एक लहान तुकडा मोडता येतो.

नेमकी हीच परीक्षा २०१३ साली कॅनडाच्या पश्चिम भागात झाली, आणि तिथे परीक्षक म्हणून आली होती तीच स्ट्रॅथकोना.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टुअर्ट नावाच्या लहान बंदरगावाच्या उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर ब्रूसजॅक हे ठिकाण आहे. चहूकडे बर्फ. खाणीचा रस्तासुद्धा काही अंतर हिमनदीवरून जातो. प्रेटियम या कंपनीने २०१० च्या अखेरीस ही जागा विकत घेतली होती. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट क्वार्टरमेन हे नाणावलेले भूशास्त्रज्ञ. सोने जिथे सापडले त्या पट्ट्याला नाव दिले होते इजिप्तमधल्या राजांच्या दरीचे. कांड्यांत सोने उघड्या डोळ्यांनी दिसे. पण अगदी शेजारच्या कांडीत काहीच नसे. काजूंची गोष्टच. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्नोडेन या सल्लागार संस्थेने क्रीगच्या परंपरेतल्या गणिताने हिशेब मांडला. राजांच्या दरीत भरवशाच्या प्रतीचा खडक १ कोटी ६१ लाख टन, टनाला सरासरी १६.४ ग्रॅम सोने, एकूण सुमारे ८५ लाख औंस. त्यावर खाणीचा आराखडा झाला, बावीस वर्षे चालणाऱ्या खाणीचा.

हा आकडा तपासण्यासाठी सुमारे दहा हजार टनांचा घाऊक नमुना काढायचे ठरले. त्यातून ४,००० औंस सोने निघावे, अशी अपेक्षा होती. देखरेखीला स्ट्रॅथकोना आणि अदमासाची बाजू सांभाळायला स्नोडेन. जमिनीखाली बोगदे पुढे सरकू लागले. प्रत्येक सुरुंगातून सुमारे शंभर टन दगड सुटे. तो जागेवरच फोडून एका नमुना-मनोऱ्यातून खाली सोडत आणि वाटेत त्यातला लहानसा वाटा आपोआप बाजूला पडे. बाकीची रास दूर अमेरिकेतील मोंटाना राज्यात फिलिप्सबर्ग येथील गिरणीत दळायला पाठवायची होती. म्हणजे निकाल दोन येणार होते. मनोऱ्याचा लवकर, गिरणीचा सावकाश.

मनोऱ्याचे आकडे आले आणि स्ट्रॅथकोनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते स्नोडेनच्या हिशेबाशी जुळत नव्हते. स्ट्रॅथकोनाचे म्हणणे झाले की अदमास मुळातच चुकला आहे. स्नोडेन आणि प्रेटियम म्हणाले, मनोऱ्याचा नमुना पुन्हा चमच्याचाच नमुना, जाड सोन्याला तो पुरा पडत नाही, गिरणी काय म्हणते ते कळू द्या. ऑक्टोबर २०१३ च्या दुसऱ्या आठवड्यात स्ट्रॅथकोनाने गिरणीचा निकाल यायच्या आतच राजीनामा दिला. दोन आठवड्यांनी त्यामागचे कारण जाहीर झाले. स्ट्रॅथकोनाच्या मते राजांच्या दरीत वैध म्हणता येईल असा सोन्याचा साठाच नव्हता, आणि साठा नाही तर त्यावर उभारलेल्या बावीस वर्षांच्या खाणीच्या गोष्टीही लोकांची दिशाभूल करणाऱ्या होत्या. सोळा वर्षांपूर्वी बुसांगचे बिंग फोडणाऱ्यांनी हे म्हटल्यावर बाजार काय करणार? भाव गडगडला. इथे भेसळीचा संशय कोणीही घेतला नव्हता. पण ज्याचे एकदा दूध पोळले असेल तो ताकाची चौकशी करीत बसत नाही.

मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा इथेच थांबून मनाशी पैज लावली होती. माझी पैज स्ट्रॅथकोनावर होती. कादंबरीकाराला म्हातारा, सावध, एकटा पडलेला परीक्षक आवडतो.

गिरणी फिरत राहिली. डिसेंबरात शेवटचा आकडा आला: १०,३०२ टन सुक्या दगडातून ५,८६५ औंस सोने. अपेक्षा होती ४,००० ची! टनाला १७ ग्रॅमांहून अधिक. स्नोडेनची बाजू जिंकली. कंपनीचे भाग पुन्हा चढले आणि सावध परीक्षक घाबरट ठरला. माझी पैजही बुडाली.

पण या विजयात एक कोपरा दुमडलेला होता. नमुन्याचे बोगदे घालताना एक अतिशय श्रीमंत शीर लागली. तिला क्लिओपात्रा असे नाव दिले. राजांच्या दरीत राणी सापडली म्हणायची. नमुन्यातल्या सोन्याचा मोठा वाटा तिने दिला. ती शीर खरी होती, सोने खरे होते, गिरणीने एक कणही खोटा सांगितला नव्हता. प्रश्न एवढाच, की अशा राण्या त्या दरीत किती? १०,३०२ टन म्हणजे फार मोठी रास. शेकडो मालमोटारी लागतील. पण १ कोटी ६१ लाख टनांपुढे तो सुमारे दीड हजारावा हिस्सा होतो. पंधराशे पानांच्या ग्रंथातले एक पान म्हणा. ते पानही अशा ठिकाणचे, जिथे आधीची विंधणे दाट होती. आणि विंधणे दाट अशासाठी होतात की तिथे काहीतरी चांगले लागलेले असते. सोनार गोठ कुठे कापतो यावर आत्याबाईंचा नफातोटा ठरत नाही, लाख सगळीकडे सारखीच असते. खडकात मात्र कुठे कापले यावर पुष्कळ काही ठरते.

२०१४ साली नव्या आराखड्यात राजांच्या दरीतला खणण्याजोगा साठा सुमारे ६९ लाख औंस धरला गेला, टनाला १५.७ ग्रॅम या कसाने. पैसा उभा राहिला, खाण बांधली गेली आणि २०१७ च्या उन्हाळ्यात पहिली लगड ओतली गेली. आता नमुन्याचा प्रश्न उरला नव्हता. आता गोठ सगळाच मोडायचा होता. रोज हजारो टन दगड गिरणीत जाऊ लागला आणि रोज कस मोजला जाऊ लागला. २०१८ साली ३ लाख ७६ हजार औंस सोने निघाले, २०१९ साली ३ लाख ५४ हजार. लहान आकडे नव्हेत हे. आपल्या कोलारच्या खाणी २००१ साली बंद होण्यापूर्वीच्या कित्येक वर्षांत मिळून एवढे सोने देत नव्हत्या. पण आराखड्याने सांगितलेला कस काही लागेना. आकडे दर वर्षी आराखड्याच्या खालीच राहू लागले. अखेर २०२० च्या आरंभी कंपनीने हिशेब नव्याने मांडला: खणण्याजोगा साठा सुमारे ४२ लाख औंस, टनाला सुमारे ८.४ ग्रॅम. तोवर खाणीतून सुमारे नऊ लाख औंस बाहेर आले होते. ते मिळवले तरी ६९ लाखांचा ताळा जमत नाही. आणि कस तर जवळजवळ निम्म्यावर.

तेव्हा २०१३ साली बरोबर कोण होते? मी या प्रश्नापाशी बरेच दिवस अडखळलो. साठाच नाही, हे स्ट्रॅथकोनाचे म्हणणे तर खाणीने उघडउघड खोटे पाडले. २०२० च्या अखेरपर्यंत बारा लाख औंस सोने तिथून निघाले, आणि नसलेल्या साठ्यातून एवढे सोने निघत नाही. पण अदमासावर आणि एका घाऊक नमुन्याच्या यशावर विसंबून ज्यांनी १६ ग्रॅम धरून घेतले, त्यांचेही खाणीने ऐकले नाही. मला वाटते, मनोऱ्याच्या चमच्यांनी आणि गिरणीच्या परातीने दोन खऱ्या पण अपुऱ्या गोष्टी सांगितल्या. चमचा म्हणाला, या खडकाचा बहुतेक भाग कोरडा आहे. परात म्हणाली, यात क्लिओपात्रा आहे. दोन्ही एकाच दरीचे वर्णन होते. भांडण झाले ते दोघांनीही आपापल्या गोष्टीला सगळी दरी समजल्यामुळे. आणि क्रीगने साठ वर्षांपूर्वी लिहिलेली ताकीद, की नमुन्यात श्रीमंत दिसलेला ठोकळा खणल्यावर थोडा गरीब निघतो, ती दहा हजार टनांच्या ठोकळ्यालाही लागू पडली. क्रीग वारले तेच वर्ष हे, २०१३. मार्च महिन्यात, ब्रूसजॅकची परीक्षा व्हायच्या काही महिने आधी.

भाग विकून नुकसान सोसलेल्यांच्या वतीने टोरांटोत दावा झाला होता. स्ट्रॅथकोनाची शंका कंपनीने वेळीच सांगितली नाही, अशी तक्रार होती. न्यायालयाने २०२१ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२२ साली ओंटारिओच्या अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. आपल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यावर प्रामाणिक विश्वास ठेवून, मनोऱ्याचे अपुरे आकडे कंपनीने विश्वासार्ह मानले नाहीत, यात न्यायालयाला खोटेपणा दिसला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच असेल. पण ऑक्टोबरात घाबरून विकणारा आणि डिसेंबरात आनंदाने घेणारा असे दोघेही ग्राहक माझ्या डोळ्यांपुढे येतात, आणि पहिल्याची कीव करावी की दुसऱ्याची, हे मला ठरवता येत नाही.

मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यूक्रेस्ट कंपनीने प्रेटियम विकत घेतली, आणि २०२३ च्या अखेरीस न्यूक्रेस्टच अमेरिकेच्या न्यूमाँटमध्ये विलीन झाली. मालक बदलले, पण खडकाचा कस बदलायला कोणाची मालकी लागू पडत नाही. या साऱ्यात आत्याबाईंना मी ब्रूसजॅकची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मग त्या राणीच्या शिरेतलं सोनं तरी भरीव होतं ना?" मी हो म्हणालो. त्यांच्या सव्वातीन तोळ्यांतले तीन तोळे स्लॅबात गेले. उरलेल्या सोन्यातून त्यांनी नातीसाठी कानांतल्या बारीक कुड्या करून घेतल्या, आणि सोनाराला बजावून सांगितले, "लहान झाल्या तरी चालतील, पण पोकळ करू नका."